नव्या योगशिक्षकाचे कौशल्य आणि आत्मविश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

योगाभ्यास करणे आणि योग शिकवणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, आणि पहिले अंगी असले म्हणून दुसरे आपोआप येत नाही. प्रशिक्षण संपवून नुकतेच वर्ग घेऊ लागलेले शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या सर्व उत्तरांमागे एकच अनुभव आहे. शिक्षकाचे लक्ष जोवर ‘मी कसा दिसतो, मी काय बोलतो’ याकडे असते, तोवर छातीतली धडधड कमी होत नाही; ते समोरच्या साधकाच्या शरीराकडे आणि श्वासाकडे वळले की धडधड निवते आणि शिकवणेही सुधारू लागते.

प्रमाणपत्र मिळाले, तरी वर्गासमोर उभे राहायला धीर होत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

कमी आहे ती सरावाची, पात्रतेची नव्हे. योगशिक्षकाचे प्राथमिक प्रशिक्षण अनेक ठिकाणी २०० तासांचे असते. त्या २०० तासांत आसने, प्राणायाम, शुद्धिक्रिया, शरीररचना आणि तत्त्वज्ञान असे सारे काही बसवायचे असल्यामुळे प्रत्यक्ष शिकवण्याची संधी प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते. आणि तीही अशा सहाध्यायांसमोर, ज्यांना आसन आधीच येत असते. तुम्ही ‘हात वर घ्या’ म्हणता आणि ते बरोबर हात वर घेतात, कारण पुढे काय येणार हे त्यांना ठाऊक असते. खऱ्या नवख्या गटासमोर तेच वाक्य उच्चारल्यावर कोणी हात समोरून वर नेतो, कोणी बाजूने, कोणी एकच हात उचलतो आणि कोणी शेजाऱ्याकडे पाहत थांबतो. अशा क्षणी शिक्षकाला वाटते की आपल्याला शिकवता येत नाही. वास्तविक तुमचे शब्द साधकाच्या कानावर पडून त्याच्या शरीरात कसे उतरतात, हे तुम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिलेले असते. प्रशिक्षणाचा तो उरलेला भाग वर्गातच पूर्ण होतो.

पहिले वर्ग कोणासाठी घ्यावेत?

चार-पाच जणांचा एकच गट घ्यावा आणि शक्य असल्यास त्याच गटाला दोन-तीन महिने सलग शिकवावे. दर वेळी नवी माणसे समोर आली, तर शिक्षक फक्त तोच पाठ पुन्हा पुन्हा म्हणायला शिकतो. तीच माणसे पुन्हा आली, तर मागच्या आठवड्यात सांगितलेले कोणाच्या शरीरात टिकले आणि कोणाच्या नाही, हे दिसते. घरचे आणि मित्र चालतील, मात्र ते सवलत देतात आणि मध्येच हसतातही. म्हणून गटात निदान एक-दोन अपरिचित माणसे असावीत.

एका तासाचा पाठ कसा आखावा आणि त्यात किती आसने घ्यावीत?

नवे शिक्षक जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा जास्त आसने घेतात. आसनांची संख्या वाढवली की मध्ये रिकामा वेळ उरत नाही आणि रिकाम्या वेळाची भीती टळते, हे त्यामागचे खरे कारण असते. परंतु ६० मिनिटांत वीस आसने उरकणाऱ्या वर्गात शिक्षकाला एकही साधक नीट पाहता येत नाही. सुरुवातीच्या वर्गासाठी आठ ते दहा आसने पुरेशी आहेत. घेरंडसंहितेसारख्या परंपरेने मानलेल्या ग्रंथातही बत्तीसच आसने वर्णिली आहेत, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शाळेतल्या शिक्षकाप्रमाणे लेखी पाठटाचण काढावे. प्रथम पाठाचा हेतू एका वाक्यात लिहावा, उदाहरणार्थ, ‘आज नितंबाच्या सांध्यातून पुढे वाकणे आणि पाठीतून वाकणे यांतला फरक साधकाला कळावा’. मग तो हेतू साधणारे मुख्य आसन ठरवावे, आणि त्या आसनासाठी शरीराचा कोणता भाग मोकळा व कोणता भाग सावध असायला हवा, याचा विचार करून आधीची आसने निवडावीत. पश्चिमोत्तानासन (पाय समोर पसरून बसून पुढे वाकणे) मुख्य असेल, तर मांडीच्या मागचे स्नायू आणि नितंबाचे सांधे तयार करायला हवेत. म्हणजे उताणे झोपून एक-एक पाय पट्ट्याने वर धरणे, मग उभ्याने भिंतीला हात टेकवून नितंबाच्या सांध्यातून वाकणे, मग जानुशीर्षासन (एक पाय दुमडून दुसऱ्या पसरलेल्या पायावर वाकणे), असा क्रम ओघाने येतो. वेळेची वाटणी ढोबळमानाने अशी करता येईल: ५ मिनिटे स्थिर बसून श्वासाकडे लक्ष, १० मिनिटे सांधे मोकळे करणाऱ्या हालचाली, ३० मिनिटे आसने, ५ मिनिटे साधे श्वसन आणि १० मिनिटे शवासन. स्थितींचा क्रमही सोयीचा असावा. दंडस्थिती (उभे), बैठकस्थिती (बसून), विपरीत शयनस्थिती (पोटावर झोपून) आणि शयनस्थिती (पाठीवर झोपून) अशा क्रमाने गेल्यास साधकाला पुन्हा पुन्हा उठबस करावी लागत नाही आणि गुडघ्यांवरचा ताणही वाचतो.

टाचणात एक रकाना अवश्य ठेवावा: ‘हे जमले नाही तर काय’. प्रत्येक आसनासमोर एक सोपा पर्याय आधीच लिहिलेला असेल, तर वर्गात कोणी अडले तरी तुम्ही गोंधळत नाही. माझ्या मते नव्या शिक्षकाच्या आत्मविश्वासाचा निम्मा भार हा एक रकाना वाहतो.

शिकवता शिकवता पुढचे आसन विसरलो तर काय करावे?

साधकांना आहे त्या स्थितीतून पूर्वस्थितीत आणावे आणि दोन-तीन सावकाश श्वास घ्यायला सांगावे. तेवढ्या वेळात टाचणाकडे उघडपणे पाहावे. कागद जवळ ठेवण्यात कमीपणा मुळीच नाही, आणि तो विराम साधकांना बहुधा हवाच असतो. फक्त एका गोष्टीची दक्षता घ्यावी: उजवी बाजू झाल्यावर डावी बाजू राहून जाऊ नये. म्हणून टाचणात दोन्ही बाजू वेगवेगळ्या ओळींवर लिहाव्यात.

सूचना पाठ आहेत, तरी साधकांना त्या कळत नाहीत. असे का होते?

कारण पाठ केलेली सूचना ही एका कल्पित शरीराला दिलेली असते. सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग मला आजही स्पष्ट आठवतो. भुजंगासन चालू होते आणि मी तोंडपाठ वाक्ये ओळीने म्हणत होते. पहिल्या ओळीतल्या एका साधिकेने तळव्यांवर सारा भार देऊन कोपरे ताठ केली होती, खांदे कानांना टेकले होते, श्वास कोंडला होता आणि चेहरा लालबुंद झाला होता. त्याच क्षणी मी म्हणत होते, ‘चेहऱ्यावर प्रसन्न भाव ठेवा’. वाक्य चुकीचे नव्हते. पण त्या वेळी त्या खोलीत ज्याची गरज होती ते वाक्य ‘कोपरे वाकवा, छाती थोडी खाली आणा आणि श्वास सोडा’ हे होते, आणि ते माझ्या पाठांतरात नव्हते. त्या दिवसापासून मी सूचना देण्याचा क्रम बदलला: आधी सूचना, मग शांतता, मग पाहणे, आणि जे दिसले त्यावरून पुढची सूचना.

सूचनेची बांधणीही शिकण्यासारखी आहे. जमिनीला टेकलेल्या भागापासून आरंभ करावा, कारण पाया स्थिर झाल्याशिवाय वरचा भाग स्थिर होत नाही. मग कोणता अवयव, कोणत्या दिशेने, कोणत्या श्वासाबरोबर आणि कुठवर, हे सांगावे. एका श्वासात एकच गोष्ट सांगावी. शब्द असे असावेत की त्यांचा दुसरा अर्थ निघू नये. वीरभद्रासनाच्या दुसऱ्या प्रकारात पुढचा गुडघा आत कलंडतो, तेव्हा अनेक शिक्षक ‘गुडघा सरळ ठेवा’ असे सांगतात, आणि साधक आज्ञाधारकपणे वाकलेला पाय ताठ करतो. चूक साधकाची नाही; मराठीत ‘सरळ’ म्हणजे ‘न वाकलेला’ असाही अर्थ होतो. त्याऐवजी ‘गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणा’ असे म्हणावे. तरीही गुडघा आत येत असेल, तर खाली पाहावे. बहुतेक वेळा तळपायाची कमान कोसळलेली असते. ‘अंगठ्याचे मूळ जमिनीवर राहू द्या आणि करंगळीकडची कडाही दाबा’ एवढे सांगितले की कमान उचलली जाते आणि गुडघा बोट न लावता जागेवर येतो. हे घडताना पाहिले की सूचना म्हणजे काय, ते शिक्षकाला समजते.

नकारार्थी सूचना शक्यतो टाळाव्यात. ‘खांदे उचलू नका’ यापेक्षा ‘खांदे कानांपासून दूर न्या’ हे शरीराला लवकर कळते. ‘अजून थोडे, अजून थोडे’ हा शब्दप्रयोग मात्र मी पूर्णपणे सोडून देण्याचा सल्ला देईन. बहुतेक दुखापती आसनाच्या पहिल्या टप्प्यात होत नाहीत. त्या त्या ‘अजून थोड्या’त होतात.

वर्गात आसने स्वतः करून दाखवावीत की फक्त तोंडी सांगावीत?

नव्या आसनाचे प्रात्यक्षिक एकदा शांतपणे दाखवावे, दाखवताना फार बोलू नये, आणि मग साधक करत असताना आपण थांबून पाहावे. संपूर्ण वर्गभर साधकांबरोबर स्वतः आसने करत राहणे हे नव्या शिक्षकाला सुरक्षित वाटते, कारण त्यामुळे लोकांच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. परंतु पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवलेल्या शिक्षकाला समोरचे काहीही दिसत नाही. शिवाय शरीर तापलेले नसताना दिवसातून तीन-चार वेळा प्रात्यक्षिके दिल्याने, आणि तीही नेहमी एकाच बाजूची, शिक्षकाच्याच मांडीमागचे स्नायू आणि खांदे दुखावतात.

समोरासमोर उभे राहिल्यावर डावे-उजवे उलटे होते. त्यावर उपाय काय?

आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे शिकवण्याची सवय करावी, म्हणजे तोंडाने ‘उजवा हात’ म्हणताना स्वतःचा डावा हात उचलावा. रिकाम्या खोलीत रोज पाच मिनिटे मोठ्याने बोलून सराव केल्यास काही आठवड्यांत हे अंगवळणी पडते. तोवर खोलीतल्या खुणांचा आधार घ्यावा. ‘खिडकीकडचा हात’ किंवा ‘दाराकडचा पाय’ असे म्हटल्यास कोणाचाच गोंधळ होत नाही.

माझा आवाज बारीक आहे आणि वर्ग संपेपर्यंत घसा बसतो. काय करावे?

आवाज मोठा करण्यापेक्षा तो सावकाश आणि स्पष्ट करावा. घशातून जोर लावल्यास स्वरतंतूंवर ताण येतो. पोटापर्यंत श्वास घेऊन श्वास सोडण्याच्या ओघावर बोलल्यास तोच आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचतो. वर्गापूर्वी काही मिनिटे ओठ मिटून हलके गुणगुणावे किंवा भ्रामरीची (भुंग्यासारखा गुंजारव करण्याच्या प्राणायामाची) दोन-तीन आवर्तने करावीत. स्वतः पुढे वाकलेल्या किंवा उलट्या स्थितीत असताना बोलू नये. वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जात नाही ना, याकडेही लक्ष द्यावे, कारण मराठीत क्रियापद शेवटी येते आणि तेच ऐकू आले नाही तर काय करायचे ते साधकाला कळत नाही. एक वर्ग ध्वनिमुद्रित करून ऐकल्यास हे दोष लगेच सापडतात. आपलाच आवाज ऐकणे प्रथम नकोसे वाटते, तरी हा उपाय टाळू नये. घसा वारंवार बसत असेल, तर तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.

मला स्वतःला शीर्षासन किंवा हनुमानासन (एक पाय पुढे व एक मागे पूर्ण पसरून बसणे) जमत नाही. मग मी शिक्षक म्हणवून घेऊ शकतो का?

होय. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत, दुसऱ्या पादातील ४६ ते ४८, आणि त्यांतले पहिले सूत्र स्थैर्य आणि सुख या दोनच कसोट्या सांगते. लवचिकतेची अट त्यात नाही. हाडांची घडणही प्रत्येकाची वेगळी असते. नितंबाच्या सांध्यातली खोबण किती खोल आहे आणि मांडीच्या हाडाची मान कोणत्या कोनात वळलेली आहे, यावर पद्मासन घालता येईल की नाही हे पुष्कळसे अवलंबून असते, आणि हाडाला हाड टेकल्यावर कितीही वर्षांचा सराव त्यापुढे नेत नाही. ज्या सांध्यात वळण उरलेले नाही तिथे जबरदस्ती केली की ती ओढ गुडघ्यावर जाते, आणि गुडघा वळण्यासाठी बनलेला नाही. हे स्वतःच्या शरीरात ज्याने अनुभवले आहे, तो शिक्षक ताठ शरीराच्या साधकाला अधिक चांगले शिकवतो. मात्र जे आसन तुम्ही दीर्घकाळ केलेले नाही आणि ज्यातले धोके तुम्हाला ठाऊक नाहीत, ते शिकवू नये. जमत नाही हे लपवण्याची गरज नाही आणि जमते असे भासवण्याचीही नाही.

साधकाला हात लावून आसन सुधारावे का?

पहिल्या वर्षी शक्यतो नाही. हाताने दुरुस्ती करण्यासाठी समोरच्या सांध्यात किती वाव उरला आहे हे बोटांना कळावे लागते, आणि ती जाण अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालीच येते. पुढे वाकलेल्या साधकाच्या पाठीवर भार देणे तर कोणीही करू नये; मांडीमागचे स्नायू जिथे बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात, तिथली दुखापत भरून यायला कित्येक महिने लागतात. स्पर्श करायचाच असेल, तर आधी विचारावे, कुठे आणि कशासाठी हे सांगावे, आणि होकार स्पष्ट असेल तरच करावा. ‘चालेल का?’ या प्रश्नाला नुसती शांतता मिळाली, तर तो नकार समजावा. काल होकार दिला म्हणून आज तो गृहीत धरू नये. भिंत, ठोकळा, पट्टा, घोंगडी आणि खुर्ची ही साधने बहुतेक वेळा शिक्षकाच्या हातापेक्षा नेमके काम करतात.

एखाद्या साधकाला आजार असेल तर काय विचारावे आणि काय टाळावे?

पहिल्या वर्गापूर्वी प्रत्येकाकडून लेखी माहिती घ्यावी आणि ती गोपनीय ठेवावी. सर्वांसमोर ‘कोणाला काही त्रास आहे का?’ असे विचारल्यास बहुतेक जण गप्प बसतात. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू व डोळ्यांच्या मागच्या पडद्याचे आजार, हर्निया, पाठीच्या मणक्यांतील गादी सरकणे, हाडांचा ठिसूळपणा, अपस्मार, चक्कर, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया आणि चालू औषधे, एवढ्या गोष्टी त्यात याव्यात. दर काही महिन्यांनी ती माहिती पुन्हा विचारावी, कारण शरीर बदलते आणि साधक आपणहून सांगेलच असे नाही.

काही नियम तोंडपाठच असावेत. रक्तदाब आटोक्यात नसेल, तर शीर्षासन व सर्वांगासनासारखी विपरीत (उलटी) आसने, कुंभक (श्वास रोखणे), आणि कपालभाती व भस्त्रिका या जोरकस श्वसनाच्या क्रिया देऊ नयेत. काचबिंदू असलेल्या साधकाने डोके खाली जाईल अशी आसने टाळावीत; शीर्षासनात डोळ्यांतील दाब सुमारे दुप्पट होतो असे मोजमापांत आढळले आहे, आणि साध्या अधोमुख श्वानासनातही तो वाढतो. म्हणून अशा साधकाला भिंतीवर तळवे टेकवून, डोके हृदयाच्या वर राहील इतकेच वाकवावे. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीने पाठ गोल करून पुढे वाकणे आणि जोर लावून पीळ देणे टाळावे, कारण त्यामुळे मणका दबून मोडण्याचा धोका असतो. गादी सरकल्यामुळे पायात कळ जात असेल, तर गुडघे ताठ ठेवून पुढे वाकण्याने ती वाढू शकते. गरोदरपणात पोटावर झोपून करायची आसने, पोट दाबणारे पीळ आणि श्वास रोखणे वर्ज्य आहे, आणि उत्तरार्धात उताणे फार वेळ न झोपवता कुशीवर झोपवावे.

‘हे करू नका’ एवढ्यावर थांबू नये. ज्याला सर्वांगासन वर्ज्य आहे, तो साधक इतरांकडे पाहत रिकामा बसून राहिला, तर तो वर्गाबाहेर पडल्यासारखाच असतो. त्याला त्याच वेळी पिंडऱ्या खुर्चीवर ठेवून शयनस्थितीत विसावू द्यावे. आणि एक मर्यादा कधीही ओलांडू नये: आपण वैद्य नाही. आजाराचे निदान करणे, औषध कमी करायला सांगणे किंवा आजार बरा होण्याची हमी देणे हे योगशिक्षकाचे काम नाही. शंका असेल तेव्हा डॉक्टरांची लेखी परवानगी मागावी. ती मागणारा शिक्षक साधकाला अधिक विश्वासार्ह वाटतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

वर्गात कोणाला चक्कर आली किंवा वेदना झाली तर?

चक्कर आल्यास त्या व्यक्तीला लगेच खाली झोपवावे आणि पाय थोडे उंच ठेवावेत. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. इतरांना शांत बैठकस्थितीत आणावे. ताण आणि वेदना यांतला फरक पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवावा: स्नायूच्या मधल्या भागात पसरलेली ओढ चालते, मात्र सांध्यात, हाडाजवळ किंवा एका बिंदूत टोचणारी कळ, मुंग्या आणि बधिरपणा आल्यास तत्काळ आसन सोडावे. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे यांपैकी काही दिसल्यास वेळ न दवडता रुग्णवाहिका बोलवावी. त्यासाठीचा क्रमांक आणि प्रथमोपचाराची पेटी कोठे आहे, हे वर्ग सुरू करण्यापूर्वीच माहीत असावे. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले असल्यास मनावरचे मोठे ओझे उतरते.

एकाच वर्गात नवखे आणि जुने साधक असतील तर सर्वांना कसे सांभाळावे?

सर्वांत सोपा प्रकार हेच मूळ आसन म्हणून शिकवावे आणि पुढचे टप्पे त्यात भर म्हणून सांगावेत. ‘ज्यांना जमत नाही त्यांनी गुडघे वाकवा’ असे म्हटले की कोणीही गुडघे वाकवत नाही, कारण तसे करणे म्हणजे चारचौघांत हार मान्य करणे होय. त्याऐवजी सर्वांना ‘गुडघे वाकवून सुरुवात करा’ असे सांगावे, तिथे तीन श्वास होईपर्यंत थांबू द्यावे, आणि मग ‘पाठ लांब राहत असेल तरच गुडघे हळूहळू सरळ करा’ असे म्हणावे. शब्दांचा क्रम एवढाच बदलतो, परंतु नवख्या साधकाची लाज त्यात वाचते. जुन्या साधकांना अधिक कठीण आसन देण्याची नेहमीच गरज नसते. तेच आसन अधिक वेळ, श्वास न अडखळता धरणे हे त्यांच्यासाठीही पुरेसे कठीण असते.

प्राणायाम कधीपासून शिकवावा?

साधक आसनात पाच मिनिटे अवघडल्याशिवाय बसू लागला की. आरंभी नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण, मग दीर्घ श्वसन, मग कुंभकाविना अनुलोम-विलोम, असा क्रम ठेवावा. सिंह, हत्ती आणि वाघ यांना जसे हळूहळू वश करावे लागते तसेच प्राणाचे आहे, असा इशारा हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाने दिला आहे, आणि तो नव्या शिक्षकाने गांभीर्याने घ्यावा. कुंभक शिकवण्याची घाई करू नये.

शवासनात काय बोलावे? शांतता मला अस्वस्थ करते.

सुरुवातीला शरीर सैल सोडण्यासाठी थोडक्या सूचना द्याव्यात आणि नंतर गप्प राहावे. ही शांतता साधकांना अवघड वाटत नाही; ती फक्त शिक्षकाला लांब वाटते. म्हणून घड्याळ लावावे. त्या वेळात श्वासाने पोटे कशी वरखाली होतात, कोणाच्या भुवया अजून आक्रसलेल्या आहेत, कोणाला मानेखाली घडी हवी आहे, हे बसल्या जागेवरून पाहावे. शरीर थंड पडते, म्हणून पांघरूण जवळ असावे. बाहेर येताना बोटे हलवून, कुशीवर वळवून मगच उठवावे.

उत्तर माहीत नसलेला प्रश्न कोणी विचारला तर?

‘मला हे ठाऊक नाही, पाहून पुढच्या वेळी सांगतो’ असे म्हणावे, प्रश्न लिहून घ्यावा आणि पुढच्या वेळी खरोखर सांगावे. अंदाजाने दिलेले उत्तर साधक घरी जाऊन आपल्या शरीरावर करून पाहतो, ही जाणीव असू द्यावी.

एखादा साधक वर्ग सोडून गेला की मन खचते. अभिप्राय कसा घ्यावा?

माणसे वेळ जमत नाही, घर लांब पडते, काम वाढते अशा अनेक कारणांनी वर्ग सोडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांशी शिक्षकाचा संबंध नसतो. तरी अभिप्राय मागत राहावे. ‘वर्ग कसा झाला?’ या प्रश्नाला ‘छान’ याशिवाय उत्तर मिळत नाही. ‘आज कोणत्या सूचनेला तुम्ही अडखळलात?’ किंवा ‘कोणते आसन घाईत झाले?’ असे विचारल्यास उपयोगी माहिती हाती लागते. अनुभवी शिक्षकाला वर्षातून दोन-तीनदा आपला वर्ग पाहायला बोलवावे, आणि आपणही त्यांच्या वर्गात मागे बसून फक्त त्यांची नजर कुठे फिरते ते पाहावे.

ऑनलाइन वर्गाने सुरुवात केली तर चालेल का?

चालेल, परंतु पर्याय म्हणून, पाया म्हणून नव्हे. पडद्यावर साधकाची पावले दिसत नाहीत आणि श्वास तर मुळीच दिसत नाही, त्यामुळे निरीक्षणाचे कौशल्य तिथे वाढत नाही. विपरीत आसने ऑनलाइन शिकवू नयेत.

शिकवण्याच्या धावपळीत स्वतःची साधना सुटते. त्याने काय बिघडते?

सूचना शिळ्या होतात. स्वतःच्या शरीरात काल जे जाणवले तेच आज शब्दांत ताजेपणाने उतरते. साधना थांबली की शिक्षक जुन्या आठवणींतून बोलू लागतो. रोज तास मिळाला नाही तरी २० मिनिटे ठरलेल्या वेळी बसावे, आणि त्या वेळात पाठाची तयारी करू नये. वर्गासाठीचा सराव वेगळा आणि स्वतःची साधना वेगळी.

निरीक्षण सुधारण्यासाठी रोज करता येईल असा एखादा सराव आहे का?

एक वही ठेवावी. प्रत्येक वर्गानंतर दहा मिनिटांच्या आत, म्हणजे चित्र पुसट होण्यापूर्वी, तीन साधकांविषयी एक-एक ओळ लिहावी: काय दिसले, काय सांगितले, काय बदलले. ‘ताडासनात टाचा उचलताना उजवा घोटा बाहेर कलतो, अंगठ्यावर भार द्यायला सांगितले, दुसऱ्या वेळी कलला नाही’ इतके पुरे. पहिल्या आठवड्यात तीन ओळी भरणेही अवघड जाते, कारण वर्गभर आपण कोणाला पाहिलेच नव्हते हे लक्षात येते. पुढच्या वर्गापूर्वी ती पाने वाचावीत आणि त्या दिवशी कोणत्या तीन जणांकडे विशेष लक्ष द्यायचे, ते ठरवूनच दार उघडावे.